फ्रीजवर लावलेला कागद

सर, सकाळी विहारातल्या तात्यांचा फोन आला. उद्या विहारात तुमचं सातव्या दिवसाचं पुण्यानुमोदन आहे आणि त्यात मी दहा मिनिटं बोलायचं, हे त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलंय. विषयसुद्धा देऊन मोकळे. "ताई, मन आणि मेंदू, असं काहीतरी बोला. तुमच्या दोघांचा तोच विषय होता ना. लोकांना ऐकून बरं वाटंल." पत्रिकेत नाव छापूनही झालंय म्हणे. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि हातातलं लाटणं ओट्यावर असं आपटलं, की पोरगी आतल्या खोलीतून पळत आली.

लोकांना बरं वाटंल! तुम्ही जाऊन आज सहावा दिवस. सहा दिवस मी बघतेय, ज्याला त्याला बरं वाटून घ्यायची घाई झालीय. कुणी म्हणतं, सुटले बिचारे. कुणी म्हणतं, सगळंच अनित्य आहे. आमचे डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या या आजारात पुढंमागं हे होणारच होतं. नव्हतं होणार, सर. तुम्ही त्या आजारानं गेलाच नाहीत. तुम्ही ॲपेंडिक्स फुटून गेलात. शाळेतल्या पोरांचं होतं, चार टाके पडतात आणि आठ-दहा दिवसांत पोरं पुन्हा बाकावर बसतात, ते तुमचं फुटलं. आणि तुम्ही तीन दिवस घसा फोडून सांगत असताना फुटलं.

म्हणून मला राग आलाय. तात्यांचा आलाय, डॉक्टरांचा आलाय, तुमचा तर लईच आलाय. आणि माझा मला जो आलाय, तो कुठं ठेवू ते कळत नाही. तुम्हीच शिकवलं होतं ना, राग आला की त्याच्या बाजूला उभं राहायचं आणि मनात म्हणायचं, 'राग आहे, राग आहे', मग तो आपोआप ओसरतो. सहा दिवस म्हणतेय. ओसरत नाही. तुमची युक्ती फुकट गेली, एवढं आधी सांगून ठेवते.

आपली पहिली भेट तुम्ही सगळ्यांना रंगवून सांगायचात, पण तुम्ही सांगायचात तेवढी मी गोड वागले नव्हते. मी ईईजी काढणारी. डोक्यावर एकवीस ठिकाणी पेस्ट लावायची, वायरी चिकटवायच्या आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी पडद्यावर उमटतात त्या नोंदवायच्या. तुम्ही शेजारणीला घेऊन आला होतात, तिला फिट यायची. तिची तपासणी होईपर्यंत गप्प बसलात, आणि मी वायरी काढायला लागल्यावर विचारलंत, "ताई, यात मन दिसतं का हो?" माझे सकाळपासून नऊ पेशंट झाले होते. मी म्हणाले, "मन नाय दिसत, वीज दिसते. जरा सरका तिकडं." तुम्ही हसलात आणि सरकलात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर, हातात स्वतःच्या तपासणीची पावती घेऊन. डोकं दुखतं असं खोटं सांगून चिठ्ठी आणता आली असती, पण तुम्ही डॉक्टरांना सरळ सांगितलं होतं, की आजार काही नाही, कुतूहल आहे. मी वायरी लावल्या. तुम्ही डोळे मिटलेत, लक्ष श्वासावर ठेवलंत. पडद्यावर लहरी अशा सारख्या, संथ यायला लागल्या की मीसुद्धा जरा बघत राहिले. संपल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हणतंय आमचं ध्यान?" मी म्हणाले, "डोळे मिटले की बऱ्याच जणांच्या अशाच येतात. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या पण आल्या होत्या, आणि ते जन्मभर मेंढरांमागं फिरले, ध्यान कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही." दुसरा कुणी असता तर तोंड पाडून निघून गेला असता. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हणजे मी काही विशेष नाही! अगं, हे विहारात येऊन सांगशील का?"

आणि मी आले. मुकुंदवाडीतला तुमचा रविवारचा वर्ग, वंदना झाल्यावर तासभर. वीस-पंचवीस माणसं, अर्धी म्हातारी, खाली सतरंज्या. दवाखान्यात मला आजही 'ओ वायरवाल्या मॅडम' म्हणतात, आणि ते पण लहर असली तर. तुम्ही माझी ओळख करून दिलीत, "या मंगलताई, पाचोडच्या. मेंदूच्या अभ्यासक." मी बारावीनंतर एक कोर्स केलेली बाई. घरी येऊन मी आरशात बघितलं होतं, सर. ते ऋण मी कुठं नाकारतेय? पण त्याच दिवशी मला अक्कल चढायला सुरुवात झाली, हेही खरं.

नऊ वर्षं आपण ते रविवार केले. तुम्ही सांगायचात की 'मी' म्हणून आत कुणी बसलेला नाही. शरीर आहे, वेदना आहे, ओळख आहे, संस्कार आहेत, जाणीव आहे. सगळं येतं आणि जातं, त्या येण्याजाण्यालाच आपण 'मी' म्हणतो. मग मी फळ्यावर मेंदू काढायची. बघणं इथं मागं, बोलणं इथं डावीकडं, भीती इथं खोल, आणि या सगळ्यांवर मुकादम म्हणून बसलेला कुणी सापडत नाही. तुम्ही टाळी वाजवायचात. "ऐका! मशीन लावूनसुद्धा मालक सापडला नाही!" एकदा मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "मालक नाय ना? मग माझे गुडघे कुणाचे दुखायलेत?" सगळे हसले. तुम्ही फार सुंदर उत्तर दिलंत, दुखणं आहे पण दुखणारा नाही, असं. मी त्याला पुस्ती जोडली, की दुखणंसुद्धा मेंदूच तयार करतो. दोघं किती खूश होतो आपण. आजी गुडघे चोळत घरी गेल्या.

एकदा तुम्ही माझ्या पाचोडच्या बाजाराचंच उदाहरण घेतलंत. कांद्याचे ढीग उचला, मेंढरं उचला, कापडवाले उचला, माणसं उचला, मग बाजार कुठं राहिला? वर्ग सुटल्यावर मी स्कूटीवर तुम्हाला घरी सोडत होते, तेव्हा गाडी बाजूला घेऊन भांडले. "सर, बाजार नसंल खरा. पण आमच्या दादांनी दुष्काळात तिथं मेंढरं विकली. घरी आले तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. ते काय खोटं होतं का?" तुम्ही म्हणालात, "नाही गं, ते खोटं कसं असेल? दुःख हे तर पहिलंच सत्य आहे." मी म्हणाले, मग रविवारी ते आधी का सांगत नाही, आणि मालक नाही ते आधी का सांगता? तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी बोलू." पुढच्या रविवारी पाऊस होता, माणसं आली नाहीत. त्यानंतर तो वाद राहूनच गेला. आज मी त्यात जिंकले असते, सर. आणि तोंड बघा माझं, जिंकल्यासारखं दिसतंय का.

मग तुम्ही बदललात. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. जिलेबी समोर आली की संपेपर्यंत खायचात. शेजारच्या मयतीत मोठ्यानं हसलात. आणि त्या पौर्णिमेला, पंचशील चालू असताना, भर विहारात उठून तात्यांना म्हणालात, "गप ए भाडखाऊ, किती रेकतोस!" ज्या माणसानं चाळीस वर्षं कॉलेजात पाली शिकवली, वर्गात कधी आवाज चढवला नाही, त्याच्या तोंडून. काकू खाली मान घालून नवऱ्याला हाताला धरून घेऊन गेल्या. मागं लोकांची कुजबुज सुरू. इतकी वर्षं ध्यान केलं ते हेच का? आतून असलेच होते वाटतं. मी तिथंच दोघा-तिघांना असं झाडलं, की तात्यांनी मला पाणी आणून दिलं.

एमआरआय झाला. मेंदूचा पुढचा भाग आकसत चाललेला. माणसाला आवर घालतो तो भाग. डॉक्टरांनी काकूंना आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या गोळ्यांनी फारसं काही होणार नाही हेही सांगितलं. काकू दवाखान्याच्या जिन्यात बसल्या. मला म्हणाल्या, "मंगल, रोज मला रांड म्हणतात गं. मी काय केलं यांचं?" मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले आणि म्हणाले, "काकू, हे सर बोलत नाहीत. आजार बोलतोय. मनावर घेऊ नका."

त्या क्षणी ते औषधच होतं, हे मी आजही म्हणेन. काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांना तेच समजावत बसावं लागायचं, म्हणून मी एका मोठ्या कागदावर लिहून दिलं, स्केचपेननं, माझ्या अक्षरात. 'सर बोलत नाहीत. आजार बोलतो आहे. लक्ष देऊ नये.' तो कागद अडीच वर्षं तुमच्या फ्रीजवर होता. पाणी प्यायला जाणारा प्रत्येक जण तो वाचायचा. तुम्ही पण वाचला असेल. वाचता येत होतं तुम्हाला.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण तुमच्याशिवाय कुणाला ती कळणार नाही. मशीन चालू असताना पेशंटनं डोळे मिचकावले, दात आवळले, घाम आला, रडला, तर लहरींत घाण उमटते. ती मेंदूची लहर नाही. आम्ही तिच्यावर खूण करतो, 'आर्टिफॅक्ट', म्हणजे हे सोडून द्या, हे बघायचं नाही. अठरा वर्षं मी हेच करतेय. बाई टेबलावर पडून हुंदके देत असते आणि मी शांतपणे खूण करते, इथून इथपर्यंत सोडून द्या. चांगला टेक्निशियन कोण, तर ज्याला ही घाण झटकन ओळखता येते. मी फार चांगली आहे, सर. सगळा विभाग म्हणतो.

मंगळवारी अकराच्या सुमाराला काकूंचा फोन आला. माझ्या समोर पेशंट होता, अर्ध्या वायरी लागल्या होत्या, फोन खांदा आणि कानात धरलेला. "मंगल, हे सकाळपासून पोट पोट करायलेत. पोट धरून ओरडतात." मागं तुमचा आवाज येत होता. तुम्ही शिव्या देत होतात, आणि शिव्यांच्या मधे म्हणत होतात, "दुखतंय माझं पोट, दुखतंय, कुणी ऐकतंय का रे?" मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. मी काकूंना विचारलं, परवा काय म्हणत होते? काकू म्हणाल्या, परवा म्हणत होते मी त्यांना जेवणात विष घालते. त्याच्या आधी? उपाशी ठेवलंय म्हणत होते. "मग तेच आहे काकू. ते सर नाहीत. गोड मागायचा नवा प्रकार असंल. लक्ष देऊ नका." आणि मी उरलेल्या वायरी लावायला घेतल्या.

एवढंच. अर्धं मिनिट पण लागलं नाही. अडीच वर्षं तुम्ही जे बोलाल त्यावर मी खूण करत आले होते, तशी त्यावरही केली. मेंदूचा पुढचा भाग आकसला म्हणून पोट दुखायचं थांबत नसतं, एवढी अक्कल शेंबड्या पोराला असते. आजारी मेंदूलासुद्धा पोटाची खबर पोचते. ती तो नीट सांगू शकत नाही, एवढंच. मी रविवार-रविवार फळ्यावर त्या नसा काढून दाखवलेल्या आहेत!

बुधवारी तात्या आले. काकूंनी बोलावलं, कारण त्यांना एकटीला तुम्ही आवरेनात. तात्या तुमच्या उशाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सर, वेदनेकडं नुसतं बघा. येते आणि जाते. तुम्हीच शिकवलं आम्हाला." तुम्ही त्यांच्या अंगावर थुंकलात. तात्यांनी सदरा पुसला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, कागद वाचला, आणि काकूंना 'जय भीम' करून निघाले. तात्यांना मी दोष तरी कुठल्या तोंडानं देऊ? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि जळत होतं ते तुमचं. आम्ही दोघंही तुमचेच विद्यार्थी. एकानं सांगितलं, हे दुखणं नुसतं बघून सोडून द्या. दुसरीनं सांगितलं, हे आजाराचं बोलणं आहे, सोडून द्या. दुखतंय ते कुणाला, हे विचारायला त्या आजी तिथं नव्हत्या.

इथं मला तुमचा राग येतो. तुम्ही आम्हाला हेही शिकवलं होतं, की बुद्धानं आजारी भिक्खूला स्वतःच्या हातानं धुतलं, पुसलं, त्याला उपदेश करत बसला नाही. मग ते नऊ वर्षांत दोनदा सांगितलंत आणि मालक नाही ते चारशेदा, असं का? टाळ्या तिथं पडायच्या म्हणून? माझ्या टाळ्या तर तिथंच पडायच्या. आणि तुम्ही निरोगी असताना कधी कुरकुर का केली नाहीत? दाढ काढली तेव्हा नाही, पाय मुरगळला तेव्हा नाही. तुमचं ओरडणं कसं असतं ते आम्हाला माहीतच नव्हतं. माणसानं घरच्यांना थोडं तरी कण्हून दाखवावं, सर. नाहीतर वेळ येते तेव्हा कुणाला पटत नाही.

गुरुवारी सकाळीही तुम्ही ओरडलात, आणि मग थांबलात. काकूंना वाटलं, बरं वाटलं असेल. दुपारी हात लावला तर अंग तापलेलं आणि पोट लाकडासारखं कडक. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सर्जन काकूंना विचारत होते, "हे इतके दिवस काही बोलले नाहीत का? सांगत नव्हते का दुखतंय म्हणून?" काकू म्हणाल्या, "सांगत होते." ऑपरेशन झालं. शुक्रवारी सकाळी तुम्ही गेलात.

आता जे सांगते ते ऐकायला तुम्ही असता तर मी सांगितलंच नसतं. तुम्हाला घरी आणायच्या आधी मी पुढं गेले, सतरंज्या अंथरायच्या म्हणून. आणि पहिलं काम काय केलं, तर फ्रीजवरचा कागद काढला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. माणसं येणार, कुणी वाचू नये म्हणून. तुम्ही अजून ॲम्ब्युलन्समध्ये होतात.

आणि तिसऱ्या दिवशी तुमची बहीण, देवगाव रंगारीच्या आक्का, भरल्या घरात काकूंना म्हणाल्या, "नवरा तीन दिवस पोट धरून लोळत होता आणि तुला कळंना व्हय गं? कंटाळली होतीस का त्याला?" काकूंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "चुकलं माझं, आक्का." मी तिथंच बसलेली. हातात कपबशी. मी चहा पीत राहिले, सर. त्यानंतर जो येईल त्याला आक्का तेच सांगतायत आणि काकू तेच म्हणतायत, चुकलं माझं. ज्या बाईनं अडीच वर्षं तुमची घाण काढली, शिव्या खाल्ल्या, तिच्या माथी हे बसलंय, आणि उद्या मी माइकवर मन आणि मेंदू बोलायचं. लोक म्हणणार, ताई किती छान बोलल्या.

म्हणून आज दुपारी रजा टाकून गेले. आक्का बाहेर गेल्या होत्या. काकू उद्याच्या खिरीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले.

"काकू, मंगळवारी तुम्ही मला फोन केला होता."

"व्हय."

"मी म्हणाले, लक्ष देऊ नका."

"व्हय."

"मग आक्कांना तुम्ही सांगितलं का नाही?"

काकूंनी ताटातनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "तू तिथंच बसली होतीस की. तुझं तोंड काय शिवलं होतं?"

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. बरं झालं. रडून होईपर्यंत त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं झालं असंल तर मला एक विचारायचंय. तू शिकलेली हायस, मला खरं सांग." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. गुरुवारी, तुम्हाला ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा, स्ट्रेचरवर, तुम्ही काकूंचं बोट धरलंत. अडीच वर्षं त्यांना नावानं हाक मारली नव्हती, 'ए बाई' म्हणायचात. तेव्हा म्हणालात, "सुमन, तू जेवलीस का गं?"

"ते कोण बोललं, मंगल?" काकूंनी विचारलं. "सर का आजार?"

सर, मी त्या बाईसमोर बसले होते आणि मला उत्तर माहीत होतं, आणि ते फुकट देता येत नव्हतं. 'सर होते, काकू,' एवढं म्हणून उठले असते तर त्यांनी उरलेला जन्म तेवढ्यावर काढला असता. पण ते सर असतील, तर मंगळवारी पोट धरून ओरडत होते ते कोण? तोंड एकच, मेंदू तोच, तेवढाच आकसलेला. गोड ते सरांचं आणि नको ते आजाराचं, अशी वाटणी मी केली होती, माझ्या सोयीनं. कुठल्या मशीननं सांगितलं नव्हतं मला तसं, आणि तुमच्या धम्मानंही नाही.

मी म्हणाले, "ते सर होते, काकू. आणि मंगळवारी दुखतंय दुखतंय म्हणत होते, तेही सरच होते. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

काकूंचे हात थांबले. मग म्हणाल्या, "आणि शिव्या?"

"त्या पण."

मला वाटलं, आता मला घरातून हाकलतील. काकू पदरानं डोळे पुसत हसल्या, खरंच हसल्या. "माझ्या डोक्यात आलंच होतं. चाळीस वर्षं एक शिवी नाही दिली माणसानं. कुठंतरी साठलेल्या असणारच की." मग एकदम चेहरा आवळला आणि ताट खाली ठेवून त्या रडल्या, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. मी 'शांत व्हा' म्हणाले नाही. बसून ऐकलं.

निघताना दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "उद्या ते मेंदूचं काय सांगू नको. त्यांना दुखत होतं, ते सांगत होते, आणि तू मला काय म्हणालीस, तेवढं सांग. मी पण माझं सांगते. आक्काला मी पुढच्या रांगेत बसवते."

तात्यांना फोन करून कळवलंय, की दहा मिनिटं लागणार नाहीत. ते म्हणाले, "का हो ताई, विषय अवघड आहे का?" मी "उद्या ऐका" म्हणून फोन ठेवला. मला भीती वाटतेय, सर. पण तुम्ही तीन दिवस ओरडत होतात आणि मला एकदाच बोलायचंय.